सोळा मुक्कामांपलीकडचा हुंकारा

सर्व सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आखाडा बाळापूर आणि अमेरिका यांच्यामधलं अंतर कमी करण्याचं काम एका सेवानिवृत्त लाइनमनने हाती घेतलं होतं. या कामाला शासनाची मंजुरी नव्हती. नारळ फुटला नव्हता, फलक लागला नव्हता, आणि साहित्य म्हणाल तर एक पक्कड, एक शिडी आणि माझ्या दुकानातला खडूचा डबा. तरीही काम बऱ्यापैकी पुढं सरकलं होतं, याला मी साक्षीदार आहे. किंबहुना शेवटी शेवटी मी त्या कामातलं एक यंत्रच झालो होतो. पण ते ओघानं येईल.

लाइनमनचं नाव हरसिंग राठोड. गाव त्यांना नाना म्हणायचं. सहा फूट उंची, काटक अंग, आणि जन्मभर खांबावर चढल्यामुळं चालतानाही पाय किंचित फाकलेले. पण नानांशी बोलायला बसलं की पहिल्यांदा लक्ष जायचं त्यांच्या उजव्या हाताकडं. त्यांनी तुम्हाला काही विचारलं की तो हात मांडीवर उघडा पडायचा आणि बोटं एकेक करून मिटायला लागायची. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. तुम्ही उत्तर दिलंत की बोटं थांबायची.

"तीन," नाना म्हणायचे. "लई उशीर. झोपून राहिला का काय?"

गावातल्या प्रत्येकाचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. न्हावी एक बोट. मी दोन ते तीन, जेवण झालं असेल तर चार. तलाठ्यांसाठी दुसरा हात काढावा लागायचा. माझ्या बायकोचा आकडा मात्र शून्य. "हिला इचारायच्या आधीच उत्तर येतं," नाना म्हणायचे. "असली लाइन मी उभ्या नोकरीत न्हाई पाहिली." बायकोला ही स्तुती वाटली. त्या दिवसापासून नानांच्या चहात साखर वाढली आणि माझ्यात तेवढीच कमी झाली.

ही सवय नोकरीतली. टेलिफोन खात्यात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं तारा जोडल्या. कुरुंद्यापासून पुसेगावापर्यंत कुठं वादळानं तार तुटली की नाना खांबावर. वर चढायचं, तारेला तपासणीचा फोन लावायचा, "हॅलो" म्हणायचं, आणि पलीकडून "हां, बोला" येईपर्यंत हवेत लोंबकळत राहायचं. त्यांचा एक नियम होता, तो ते आयुष्यातल्या सगळ्या बाबींना लावायचे: "पोच आल्याबिगर माणसानं खांबावरून उतरू न्हाई."

निवृत्त झाल्यावर त्यांनी नांदेड रोडला, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून, पत्र्याच्या गाळ्यात नेट कॅफे काढला. दोन हजार पाच-सहाचा सुमार. ब्रॉडबँड बाळापुरात नुकतंच येऊन पोचलं होतं आणि अजून दम घेत होतं. चार कॉम्प्युटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भारनियमनासाठी ट्रॅक्टरची एक बॅटरी. बाकीच्या कॅफेंच्या पाटीवर "फास्ट इंटरनेट" असायचं. नानांनी पेंटरकडून लिहून घेतलं, "येथे उशीर कमी करून मिळेल." पहिला आठवडाभर लोक एस.टी.ची चौकशी करायला आत यायचे.

जे खरोखर नेटसाठी यायचे ते विचारायचे, "नाना, स्पीड किती हाय?" आणि तिथं त्यांची चूक व्हायची. कारण नाना खुर्ची ओढून समोर बसायचे.

"आमचा आजा लमाण," ते सुरू करायचे. "बैलाच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून इकडं यायचा. शंभर बैल असले तर किती दिवस लागत असतील?"

"महिना?"

"बराबर. आन् हजार बैल असले तर?"

गिऱ्हाईक गप्प. नानांची बोटं मिटायला लागलेली.

"तरी महिनाच!" नाना मांडीवर थाप मारायचे. "हजार बैलानं मीठ जास्त येतं, लवकर न्हाई येत. आता हे लोक बैल वाढवून राहिले आन् सांगून राहिले की तुमचं काम लवकर होतंय. मला बैल नका सांगू. मधात मुक्काम किती पडतात, ते सांगा!"

गिऱ्हाईकाला दहावीचा निकाल पाहायचा असायचा. पण "बैल नका सांगू, मुक्काम सांगा" हे ऐकल्याशिवाय त्या गाळ्यातून कुणी पास होऊन बाहेर पडलं नाही.

मला बरेच दिवस वाटायचं, माणसाला लहर असते, कुणाला कबुतरांची, कुणाला पेटीची, तशी यांना उशिराची. खरं कारण कळलं ते एका रविवारी, सकाळी सातला.

नानांची एकुलती एक मुलगी सविता. त्यांच्या तांड्यावरची पहिली इंजिनिअर. लग्नानंतर अमेरिकेला गेली. नानांची बायको, गोमाबाई, चार वर्षांमागं वारली होती, त्यामुळं घरी नाना एकटेच. रविवारी सकाळी सात म्हणजे तिकडं शनिवारची रात्र. सविता कॉम्प्युटरवरून बोलायची, आणि तिच्या मांडीवर तिची पाच वर्षांची रिया, झोपायच्या कपड्यांत. मग नाना नातीला गोष्ट सांगायला घ्यायचे.

आता इथं एक रिवाज समजून घ्यावा लागेल. नानांच्या तांड्यावर गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. सांगणारा एक वाक्य बोलतो आणि थांबतो. ऐकणारा म्हणतो, "हूं." मग पुढचं वाक्य. याला हुंकारा म्हणतात. हुंकारा आला नाही तर सांगणारा पुढं जात नाही. ऐकणारा झोपला, रुसला, की त्याचं लक्ष उडालं, हे आधी बघायचं आणि मगच गोष्टीला हात लावायचा. "हुंकाऱ्याबिगर गोष्ट सांगनं म्हंजे," नाना म्हणायचे, "कुनी नसलेल्या घरात पान वाढनं."

त्या रविवारी मी झेरॉक्सचं मशीन पुसत होतो आणि मधल्या पत्र्यातून सगळं ऐकू येत होतं.

"एक होती जमनी," नाना म्हणाले. थांबले.

काही नाही.

"जमनीचा धवळ्या नावाचा पांढरा बैल हारपला, असं... रिया? ऐकून राहिलीस ना लेकरा?"

नेमकं त्याच वेळी तिकडून पहिल्या वाक्याचं "हूं" आलं आणि नानांच्या प्रश्नावर आदळलं.

"काय आज्जा?"

"न्हाई, तू हूं म्हन."

"हूं."

"मंग जमनी निघाली त्याला हुडकायला..."

"काय म्हणू?"

"आगं, म्हनलीस तू. झालं ते."

"हूं."

"हे कशाचं हूं?"

दोघंही गप्प. मग दोघंही एकदम बोलले. मग दोघंही एकदम थांबले. शेवटी सविताचा आवाज आला, "बापू, तुम्ही थांबू नका. सांगत राहा. आवाज उशिरा पोचतो इकडं."

"असं कसं सांगत राहू? रिवाज हाय का तसा?"

चार रविवार झाले, जमनी घरातून निघून वेशीपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. पाचव्या रविवारी रियानं गोष्टीच्या मध्येच आईला विचारलं की, आता मी कार्टून बघू का? आणि त्याहून वाईट म्हणजे एकदा हुंकाऱ्याच्या जागी ती "ओके" म्हणाली.

नाना माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी माझ्या उत्तराची बोटं मोजली नाहीत.

"शेठ, लेकरू ओके म्हनून राहिलं."

"लहान आहे नाना."

"म्हनूनच सांगून राहिलो. अजून सहा महिने न्हाई तर वरीस. मंग तिला गोष्ट नको, आज्जा नको. मला एक गोष्ट सांगायची हाय तिला. फकस्त एक. शेवटपावतर. तिच्या तोंडात हूं हाय तवर."

आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली.

कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडते, तीत एक चिठ्ठी लांबच्या कॉम्प्युटरला पाठवता येते आणि तिची पोच यायला किती वेळ लागला त्याचा आकडा मिळतो. याला पिंग म्हणतात. आयुष्यभर बोटं मिटून जे केलं ते करणारं यंत्र सापडल्यावर नानांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. सेकंदाचे हजार भाग केले तर पहिल्या दिवशी आकडा आला चौदाशे. नानांनी तो खडूनं भिंतीवर लिहिला आणि खाली रेघ ओढली.

पहिला बळी मी. मी त्यांच्या लाइनीवर फुकटात बायकोसाठी जुनी गाणी उतरवून घ्यायचो, रविवारी सकाळी निवांत. नानांनी मला कानाला धरल्यासारखं ओढत काळ्या खिडकीसमोर नेलं.

"हळदीच्या मोसमात वसमतच्या मोंढ्यासमोर गेलता का कधी?"

"गेलोय."

"पोत्याच्या गाड्यांची रांग कुठवर असती?"

"पार पुलापर्यंत."

"त्या रांगेत मागं एक सायकलवाला असतो. त्याच्याजवळ फकस्त एक चिठ्ठी. पन त्याला बी रांगेतच उभं राहावं लागतं. माझ्या नातीचं हूं म्हंजे तो सायकलवाला. आन् तुझी गानी म्हंजे हळदीचे पोते."

माझी गाणी बंद झाली. आकडा चौदाशेवरून नऊशेवर आला. बायको मला म्हणाली, तुमच्यामुळं अमेरिका एवढी लांब होती होय!

दुसरं काम जोडांचं. एक्स्चेंजपासून गाळ्यापर्यंत तारेला किती जोड आहेत, हे कागदावर कुठं नव्हतं, नानांच्या बोटांत होतं, कारण ते त्यांनीच मारले होते. लिंबाच्या झाडातून जाणारा एक जोड कायम ओला राहायचा. "ओल्या जोडात शब्द सांडतात," त्यांनी मला समजावलं, "मंग तेच शब्द पुन्हा मागवा, पुन्हा येऊ द्या. उशीर होनार न्हाई तर काय?" वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते शिडी लावून वर चढले. खाली सध्याचा लाइनमन गफूर, त्यांचाच चेला, रडकुंडीला आलेला.

"नाना, उतरा हो! साहेबानं पाहिलं तर मेरी नौकरी जायेगी!"

"शिडी धर. नौकरी गेली तर दुसरी मिळंल. मी पडलो तर दुसरा मिळायचा न्हाई."

तीन दिवसांत सगळे जोड नवे झाले. आकडा साडेपाचशे. गफूरच्या तक्रारवहीत त्या महिन्यात आमच्या गल्लीतून एकही तक्रार नव्हती, म्हणून वरून त्याची चौकशी झाली.

मग नानांना दुसरी खिडकी सापडली. चिठ्ठी कुठून कुठून जाते, ते त्यात ओळीनं दिसायचं. गाळ्याच्या भिंतीवर त्यांनी तो रस्ता काढला, आज्याच्या बैलांच्या तळांसारखा. बाळापूर, नांदेड, मग मुंबई, मग समुद्र, सिंगापूर, पुन्हा समुद्र, आणि तिकडची चार-पाच गावं ज्यांची नावं नानांनी स्वतःच्या पद्धतीनं लिहिली होती. एकूण सोळा मुक्काम. एका संध्याकाळी त्यांनी मदतीच्या नंबरावर फोन लावला. फोनवरच्या बाईंना ते अगदी गोडीत म्हणाले, "बाई, माझी लेक अमेरिकेत हाय. तुमी माझा शब्द सिंगापूरला काहून नेऊन राहिले? तिथं माझं कोन हाय?"

बाईंनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं.

"करतो," नाना म्हणाले. "त्यानं सिंगापूर हालतं का?"

शेवटी आम्ही दोघं भिंतीवरचा नकाशा कागदावर उतरवून हिंगोलीला टेलिफोनच्या ऑफिसात गेलो. साहेब तरुण होते, मोठे सभ्य. त्यांनी नकाशा नीट पाहिला. बहुधा त्यांच्या टेबलावर असा कागद पहिल्यांदाच आला असावा. ते म्हणाले, "आजोबा, तुम्हाला मोठा प्लॅन देऊ का? स्पीड दुप्पट होईल."

मी डोळे मिटून घेतले. पुढची दहा मिनिटं बैल चालत होते.

साहेबांनी सगळे बैल ऐकून घेतले. मग हळूच म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. लाइनीतला एक दोष मी इथून काढून देतो. आणखी शंभर-दीडशेचा फरक पडेल. पण त्याच्या खाली नाही जाणार. मधे समुद्र आहे. आता तारेतून वीज नाही जात, काचेच्या धाग्यातून उजेड जातो. आणि उजेडालासुद्धा तिथवर जाऊन यायला वेळ लागतो."

"उजेडाला?"

"हो."

"उजेडाला बी उशीर होतो?"

"होतो."

परतीच्या एस.टी.त नाना खिडकीशी बसले. कळमनुरीच्या स्टँडवर शेंगदाणेवाला चढला, उतरला, गाडी हलली, तेव्हा म्हणाले, "म्हंजे यंत्र बराबर हाय, शेठ. पृथ्वीच जरा जास्त झाली."

साहेबांनी शब्द पाळला. आकडा चारशेवर आला आणि तिथंच बसला. आवाज यायला त्याहून थोडा जास्तच वेळ लागायचा. मी म्हटलं, झालं की नाना, चौदाशे कुठं आणि चारशे कुठं! पण नाना खूष नव्हते. "हुंकारा श्वासाच्या जागी पडला पायजे. मागून आलेला हुंकारा म्हंजे पंगत उठल्यावर आलेलं वरन."

दोन दिवस ते गाळ्यात नुसते भिंतीकडं बघत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाले, "लांबच्या लाइनीवर आवाज दमतो. मंग आमी काय करायचो?"

"काय?"

"मधात एक यंत्र बसवायचो. रिपीटर. ते दमलेला आवाज घेतं, पुढं ढकलतं. शेठ, आपन रिपीटर बसवू."

"कुठं मिळतं ते?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. नुसतंच बघितलं.

बेत असा: मी त्यांच्या शेजारी बसायचं. प्रत्येक वाक्याला वेळेवर हुंकारा मी द्यायचा, म्हणजे नानांची गोष्ट अडणार नाही. रियाचा हुंकारा जेव्हा यायचा तेव्हा येऊ दे. निवडीआधी परीक्षाही झाली. न्हाव्याला एका वाक्यात बाद केलं, कारण त्याला पुढं काय झालं ते ऐकायची घाई. गफूरचा हुंकारा तक्रार नोंदवल्यासारखा निघायचा. मी पास झालो. कारण विचारलं तर नाना म्हणाले, "तुझा हुंकारा रिकामा हाय. मधात अक्कल न्हाई घालत तू."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळी उलटत म्हणाली, "त्यात नवीन काय? पंधरा वर्षं माझ्यापुढं हेच करताय."

रविवार उजाडला. वीज सहालाच गेली होती, पण बॅटरी भरलेली. नाना स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते, केसांना तेल. तीन कॉम्प्युटर बंद, चौथा चालू. स्पीकर मोठा केला. मी माइकच्या अंगाला पाटावर बसलो, पाणी पिऊन, घसा साफ करून.

"एक होती जमनी," नाना म्हणाले.

"हूं," मी म्हणालो.

नानांचे डोळे चमकले. "तिचा धवळ्या बैल हारपला."

"हूं."

"ती निघाली हुडकायला."

"हूं."

आणि काय सांगू तुम्हाला, गोष्ट चालायला लागली! इतके आठवडे वेशीवर खोळंबलेली जमनी घुंगरं वाजवत रानात शिरली. पहिलं पाणी लागलं. पाणी म्हणालं, "मला काही दे, मंग वाट देतो." जमनीनं पायातली घुंगरं दिली. दुसऱ्या पाण्याला हातातली बांगडी. तिकडून रियाचं "हूं" येत होतं, पहिल्या पाण्याचं दुसऱ्या पाण्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, पण येत होतं, आणि एकदाही ओके नव्हतं.

तिसऱ्या पाण्यावर मला ठसका लागला.

"आज्जा," रियाचा आवाज आला, "तिकडं कोण हूं म्हणतंय?"

"मशीन हाय ते, लेकरा."

थोडा वेळ गेला. "मशीनला खोकला झालाय?"

"व्हय. जुनं हाय. चवथं पानी लागलं..."

"हूं," मशीन म्हणालं.

चौथ्या पाण्याला ओढणीवरचा आरसा गेला, पाचव्याला कानातलं, सहाव्याला कमरेची चंची. नानांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. खांबावरून ओरडून ओरडून घट्ट झालेला तो गळा मऊ पडला होता. हातांनी ते पाणी दाखवत होते, जणू रियाला ते दिसतच होतं.

"आन् मंग जमनी आली सातव्या पान्यापाशी. तिच्याजवळ आता द्यायला काईच न्हाई."

"हूं."

नाना थांबले.

मला वाटलं, माझा हुंकारा ऐकू गेला नाही. मी पुन्हा म्हणालो, "हूं." मग जरा जोरात, "हूं!"

नानांनी माइकवर पंजा ठेवला. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, छातीत कळ आली.

"शेठ," ते कुजबुजले. "पुढचं मला ठाऊक न्हाई."

"म्हणजे?"

"ही सवीच्या आईची गोष्ट हाय. ती सांगायची, सवी ऐकायची. मी दिसभर तारा जोडून आलेलो, बाजंवर पडलेलो. सातव्या पान्यापाशी आलं की मला झोप लागायची. दर बारीला. तिथंच."

"मग सविताला विचारायचं ना आधी!"

"काय इचारू? तुझी आई रोज सांगून राहिली आन् तुझा बाप घोरून राहिला, ते?" त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. "वाटलं, एकदा तिथवर पोचलो की पुढचं आपसूक येईल."

झेरॉक्स काढणाऱ्या माणसाला मूळ प्रत लागते. ती चार वर्षांपूर्वीच गेली होती.

माइकवर पंजा ठेवला म्हणून आवाज अडतोच असं नाही. की नानांचं थांबणंच तिकडं पोचलं, कोण जाणे. स्पीकरमधून आधी रियाचं एक उशिराचं "हूं" आलं. आणि मग सविताचा आवाज आला. पण नेहमीचा, अमेरिकेतल्या इंजिनिअरचा नाही. तांड्यावरचा.

"आन् सातवं पानी म्हनालं," सविता म्हणाली, "मला काई नको. लई लांबून आलीस. पाय धू आन् बस जरा."

नानांचा हात माइकवरून खाली आला. ते माइककडं वाकले.

"हूं."

तो हुंकारा तिला कधी पोचला असेल, मला माहीत नाही. ती थांबली नाही. "जमनी बसली. पाय पान्यात सोडले. आन् बघती तर पल्याड काठावर धवळ्या उभा. कधीचा उभा होता. पानी पीत होता." "हूं," नाना म्हणाले. "याडी सांगायची, त्यानं तिला आधीच पाह्यलं होतं." रियाला कळावं म्हणून सविता मधेच साध्या मराठीत म्हणाली, "याडी म्हणजे माझी आई, तुझी आजी." आणि पुन्हा तांड्यावरच्या बोलीकडं वळली. ती सांगत राहिली, नाना हुंकारे देत राहिले, प्रत्येक हुंकारा तिच्या पुढच्या वाक्यावर उशिरा पडत राहिला, आणि गोष्ट एकदाही अडली नाही. मी पाटावर गप्प बसलो होतो. मशीनचं काम संपलं होतं.

जमनी बैलाला घेऊन परत निघाली. येताना सहाही पाण्यांनी घेतलेल्या वस्तू परत दिल्या. घुंगरं सगळ्यात शेवटी. घरी आली तेव्हा तांडा झोपलेला होता, पण घुंगरांच्या आवाजानं एकेक उठला. गोष्ट संपली.

रिया आईच्या मांडीवर केव्हाच झोपली असावी, कारण तिकडून आता तिचा हुंकारा नव्हता. इकडं नानांचाही नव्हता. त्यांची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. गाळ्यात फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर.

"बापू?" सविता म्हणाली. मग जरा थांबून, तिच्या आईनं बाजेकडं बघून म्हटलं असेल तसं, "झोपले का?"

नानांनी दोन्ही हातांनी माइक धरला आणि खांबावरून ओरडावं तसे ओरडले, "जागा हाय गं सवे! आज समदी ऐकली!"